झुंबरबाईचा गूळ

झुंबरबाईशी कोणी गोड बोलू लागलं, की तिचा हात आधी कमरेवर जायचा. गोड बोलणाऱ्या माणसाला आपल्याकडून काहीतरी हवं असतं, असं तिचं ठाम मत होतं, आणि शिरोलीच्या एमआयडीसीत उभा जन्म काढूनही ते खोटं ठरावं असं काही घडलं नव्हतं. तिच्या तोंडाला गेटवरचा वॉचमन बिचकायचा, ट्रकवाले बिचकायचे. खुद्द तिचा नवरा पिराजी म्हणायचा, "हिला फौंड्रीत कशाला घेतलीया? हिच्या नुसत्या बोलण्यानं लोखंड वितळंल."

फौंड्री हंबीररावांची. तिथे पंपांचे आणि मोटारींचे लोखंडी भाग ओतले जात. ओतलेल्या लोखंडाच्या आत जिथे पोकळी राहायला हवी, तिथे आधी भाजलेल्या रेतीचा ठोकळा ठेवावा लागतो. त्याला कोअर म्हणतात. हे कोअर बायका करायच्या. लाकडी पेटीत तेलकट रेती ठासायची, पेटी उलटी करायची आणि ठोकळा न मोडता अलगद सोडवायचा. बायकांचा हात हलका असतो म्हणून हे काम बायकांना, असं हंबीरराव पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे. त्या हलक्या हातांना गड्याच्या निम्मी हजेरी मिळते, हे सांगायचं त्यांच्याकडून राहून जायचं.

कोअर शॉपला लागूनच नॉकआउट. तिथे गडी थंड झालेल्या साच्यांवर घण घालून आतलं लोखंड बाहेर काढायचे. पिराजी त्यातलाच एक. घण पडला की जळून कोरडी झालेली रेती धुरासारखी उठायची आणि थेट बायकांच्या अंगावर यायची. मध्ये भिंत नव्हती. दुपारपर्यंत शेडमध्ये असं धुकं धरायचं, की समोर बसलेली बाई आवाजावरून ओळखावी लागे.

एक्याण्णव सालच्या उन्हाळ्यात झुंबरबाईने बायकांना घेऊन गेट अडवलं. मागण्या दोनच होत्या. नॉकआउटच्या आणि आमच्या मध्ये भिंत घाला, वरनं धूळ बाहेर काढायची सोय करा, ही एक. आणि दुसरी, कामाची पाळी सुटताना प्रत्येकीला गुळाचा खडा द्या. उद्यमनगरातल्या कुठल्याशा कारखान्यात तसा देतात, असं कोणीतरी सांगितलं होतं. गूळ खाल्ला की घशातली रेती पोटात उतरते आणि सकाळी निघून जाते, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. कोल्हापूरच्या माणसाला गुळावर शंका घ्यायला कोण शिकवणार? उन्हातून आलेल्याला गूळ-पाणी, बाळंतिणीला गूळ, बैलाने अंग टाकलं तरी गूळच.

हंबीरराव जीपमधून उतरले. झुंबरबाई ट्रकच्या चाकापुढे आडवी पडली होती.

"उठ बाई," ते म्हणाले. "दोन्ही काय जमायचं न्हाय. एक माग. भिंत का गूळ?"

झुंबरबाईने पडल्या पडल्याच विचार केला. भिंत काय, उभी राहायला वर्ष घालवतील, आणि धूळ वरून यायची ती येईलच. गूळ आज मिळतो, आणि पोटात जाऊन धूळच घेऊन जातो.

"गूळ," ती म्हणाली.

हंबीरराव हसले. "गूळच ना? घे की मग, चांगला पिवळाधमक देतो."

बायकांनी गेटवर फुगड्या घातल्या. त्या दिवसापासून पाळीचा भोंगा झाला की झुंबरबाई पत्र्याचा डबा घेऊन उठायची आणि जिथे जी बसली असेल तिथे जाऊन तिच्या हातावर खडा ठेवायची. मग नॉकआउटच्या गड्यांकडे जायची. गूळ जागेवरच घ्यायचा, तिच्याच हातून घ्यायचा आणि तिच्या देखत खायचा, असा तिचा दंडक. घरी पोरांना म्हणून कोणी पदरात बांधला, तर ती पदर सोडायला लावायची. "पोरगं रेती खातंय का तुझं? खा हितंच!" सगळे त्याला झुंबरबाईचा गूळ म्हणत. आणि मालकाला नमवलेली बाई म्हणून ती रस्त्याने चालायची.

अठ्ठ्याण्णवच्या सुमारास पिराजीला धाप लागू लागली. आधी टीबी म्हणून औषधं झाली. कोर्स पुरा झाला, पुन्हा सुरू झाला, पुन्हा पुरा झाला. घण उचलणारा माणूस, त्याला बादली उचलवेना. मग दवाखान्यात एक नवा डॉक्टर आला. त्याने छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि आजवर कोणी विचारलं नव्हतं ते विचारलं, "काम काय करता?"

पिराजीने सांगितलं.

"हा टीबी नाही," डॉक्टर म्हणाला. "रेतीची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसलीय. ती आता निघायची नाही. आणखी आत जाऊ द्यायची नाही, एवढंच हातात असतं."

"निघायची न्हाय कशी?" झुंबरबाई पुढे सरली. "रोज गूळ खातोय त्यो. एक दिस चुकवला न्हाय. माझ्या हातनं खातोय."

डॉक्टरने फोटो खाली ठेवला. "बाई, गूळ पोटात जातो. श्वास पोटात जात नाही. वाटा वेगळ्या आहेत."

"तुमचं शिक्षण तुमच्याजवळ ठेवा," असं म्हणून ती उठली, आणि फोटो काखेत मारून बाहेर आली. एसटी स्टँडपर्यंत ती डॉक्टरला, त्याच्या कॉलेजला आणि त्याला डॉक्टर करणाऱ्या त्याच्या बापाला शिव्या घालत चालली होती. पिराजी मागून थांबत थांबत येत होता. स्टँडवर बसल्यावर तो म्हणाला, "झुंबरे, भिंत मागायला पायजे हुती गं."

तिने काखेतला फोटो पदराखाली घेतला. त्या दिवशी ती पहिल्यांदा गप्प बसली, असं पिराजी पुढे सगळ्यांना सांगायचा.

पिराजी घरी बसला आणि बारावीत दोनदा आपटलेली निशिगंधा, त्यांची एकुलती एक पोर, कोअर शॉपमध्ये चिकटली. तिला आणलं झुंबरबाईनेच. दुसरं काय हाताशी होतं? आता आई आणि मुलगी समोरासमोर बसून रेती ठासायच्या. निशी शिंकली तरी झुंबरबाईचा हात थांबायचा. पोर घसा खाकरायची आणि आईच्या डोळ्यांपुढे तो उजेडात धरलेला फोटो यायचा, त्यातल्या पांढऱ्या ठिपक्यांसकट. घरी निशी झोपली की ती तिच्या छातीशी कान नेऊन बसायची. निशी चिडायची.

"आये, मला काय झालं न्हाय. ढोसू नगंस."

"काम सोड."

"तू सोड की आदी. मग आबाची औषधं गुळानं आण."

पोरगी आईवरच गेली होती.

तेवढ्यात फौंड्रीचं नशीब उघडलं. हंबीररावांचा मुलगा विश्वजित पुण्याहून शिकून आला आणि त्याने जर्मनीचं गिऱ्हाईक आणलं. त्या गिऱ्हाइकाच्या अटी होत्या. माल नुसता चांगला चालत नाही, तो करताना माणसं मरता कामा नयेत, नदी नासता कामा नये, आणि हे सगळं त्यांची माणसं येऊन बघणार. मग शेडच्या छपराला भलंमोठं पत्र्याचं नळकांडं लागलं. धूळ ओढून घेणारं मशीन. बारा वर्षांपूर्वी मागितलेलं ते अखेर आलं, म्हणून झुंबरबाईने त्याला हळदकुंकू लावलं.

मशीन पहिल्या दिवशी चालू झालं आणि बायकांना शेडची पलीकडची भिंत दिसली. भिंतीवर कॅलेंडर होतं. ते कधीपासून तिथे होतं कोण जाणे. दोन दिवसांनी मशीन बंद झालं. वीज फार खातं, असं कळलं. मग ते पाहुणे यायचे तेव्हाच लागायचं. बटणाच्या पेटीला कुलूप, आणि किल्ली नागाप्पाच्या कडदोऱ्याला. नागाप्पा सुपरवायझर, सीमेकडचा, मनाने वाईट नव्हता. पण मालकाने किल्ली दिली म्हणजे देवळाची पूजाच दिली असं समजणारा.

"नागाप्पा, लाव की रं मशीन."

"अक्का, मला काय इचारतीस? वरनं आलं पायजे."

"वरनं धूळ येतीया बघ, ती चालंल काय?"

मशीनच्या नळकांड्याच्या तोंडात पारव्यांनी घरटं केलं. खंडेनवमीला सगळ्या यंत्रांबरोबर त्यालाही झेंडूची माळ घातली, लिंबू बांधलं आणि पुन्हा कुलूप लावलं.

त्या दसऱ्यानंतर जर्मनीची बाई येणार असं ठरलं. गेटवर नवा बोर्ड लागला. वर इंग्रजी, खाली मराठी. मानवी हक्क, शाश्वत विकास, आणि शेवटी ठळक अक्षरांत, आमचे कामगार हेच आमचे कुटुंब. निशीने घरी तो वाचून दाखवला तेव्हा पिराजीने खाटेवरूनच विचारलं, "मग मी कंच्या नात्यातला? इचारून ये. दिवाळीला जायला बरं पडंल." आवारात रोपं लावली. बायकांना प्लास्टिकच्या पिशवीतले मास्क दाखवले आणि ते त्या दिवशी संध्याकाळी परत करायचे अशी ताकीद दिली.

आणि विश्वजितने झुंबरबाईला केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली. कपबशीतून चहा दिला. झुंबरबाईचा हात कमरेवर गेला.

"मावशी," तो म्हणाला, "तुमचा गूळ मॅडमना फार आवडणार बघा. आपली परंपरा आहे ती. बाबांनी कामगारांच्या आरोग्यासाठी सुरू केलेली."

"तुमच्या बाबांनी?"

"म्हणजे, तुम्ही सगळ्यांनी मिळून. तर सकाळी मॅडम आल्या की तुम्ही स्वागताला त्यांना गूळ द्यायचा. फोटो काढू."

"सकाळी कोण गूळ खातंय?" झुंबरबाई म्हणाली. "धूळ खाल्ल्यावर गूळ. पाळी सुटताना."

विश्वजितने डायरीत बघितलं. "चालेल. संध्याकाळी, बाहेर रोपांपाशी. तिथे उजेडही चांगला असतो."

"मशीन रोज लावणार का?"

"लावणार ना. टप्प्याटप्प्यानं सगळं करायचंय, मावशी. शाश्वत विकास म्हणजे सगळ्यांना सांभाळून पुढं जाणं. कंपनी टिकली तर..."

"माझा नवरा टप्प्याटप्प्यानंच चाललाय."

विश्वजितने चहाचा कप सरकवला. त्याचा आवाज तसाच मऊ होता. "निशिगंधा चांगलं काम करते. तिला यंदा कायम करावं म्हणतोय. तुम्ही फक्त गूळ द्या."

"मी देतो की गूळ," झुंबरबाई म्हणाली. "आजवर कुणाला न्हाई म्हटलाय व्हय?" चहा तसाच ठेवून ती उठली.

पाहुणी आली त्या सकाळी मशीन घुमायला लागलं. पारवे फडफडत बाहेर पडले. हवा काचेसारखी स्वच्छ झाली. मास्क लावलेल्या बायका एकमेकींकडे चोरून बघत होत्या. झुंबरबाई निशीकडे बघत होती. पोरीच्या गालावर तीळ होता, तो शेडमध्ये तिला कधी दिसला नव्हता. रोज असं असतं तर, असं तिच्या मनात आलं आणि पाठोपाठ इतका संताप आला की हातातला कोअर मोडला.

पाहुणी उंच होती, हसरी होती. सोबत पुण्याचा एक दुभाषा होता. तिने सगळं बघितलं, टिपून घेतलं आणि मंडळी ऑफिसात जेवायला गेली. नागाप्पाने सवयीने कुलूप काढलं आणि बटण दाबलं. घुमणं थांबलं. सकाळच्या दिखाव्यात बराच वेळ गेला होता, त्यामुळे नॉकआउटचे गडी घाईने साचे फोडू लागले. रोजच्याहून जास्त धूळ उठली.

संध्याकाळी पाळीचा भोंगा झाला. बायका बाहेर जायला उठल्या.

"बसा खाली," झुंबरबाई म्हणाली. डबा तिच्या मांडीवर होता. "गूळ जाग्यावर."

"अगं पर भाईर बोलवलंय," बनाबाई म्हणाली. ती सगळ्यांत जुनी. "तुझी खाज आमच्या पोटावर नगं काढूस."

"जा की मग. डबा हितंच हाय."

"मेली आमास्नी बुडवणार," असं म्हणत बनाबाई बसली. एकेक करत बाकीच्याही बसल्या, पण शिव्या देत. निशी उभीच होती. दाराकडे तोंड, आईकडे पाठ. बाहेर तिचं कायम होणं वाट बघत होतं.

"निशे, तुझी तू बघ," झुंबरबाई म्हणाली. "मी धरणार न्हाय."

निशी वळली. "बसतो," ती दात खाऊन म्हणाली, "पर तुझ्यासाठी न्हाय. आबासाठी." आणि ती बसली.

बाहेर रोपांपाशी कॅमेरा तयार, माणसं तयार, गूळ घेणाऱ्यांचा पत्ता नाही. विश्वजितने नागाप्पाला पिटाळलं. नागाप्पा धावत आला.

"यव्वा, अक्का! चल की भाईर! माझी नोकरी खातीस व्हय?"

"गूळ जाग्यावर देत्यात नागाप्पा. परंपरा हाय. तुझ्या मालकाला इचार."

नागाप्पाने बाहेर जाऊन हात हलवत काहीतरी सांगितलं. दुभाष्याने ते पाहुणीला सांगितलं, आणि पाहुणीला ते इतकं आवडलं की विश्वजित आडवा यायच्या आत ती शेडकडे चालू लागली. दारात आली आणि तिचं हसू जागच्या जागी थांबलं. तिने रुमाल नाकाला लावला. समोरच्या बायका तिला दिसत नव्हत्या, फक्त खोकला ऐकू येत होता.

धुक्यातून झुंबरबाई पुढे आली. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. तिने डब्यातला सगळ्यात मोठा खडा पाहुणीच्या हातावर ठेवला.

"ह्यास्नी सांग," ती दुभाष्याला म्हणाली, "ह्यो खाल्ला की धूळ जाती. आमी बारा वरसं खाल्लाय."

दुभाष्याने सांगितलं. पाहुणीने मान डोलावली.

"आता इचार, गूळ कंच्या वाटंनं जातो आन् श्वास कंच्या वाटंनं जातो."

"मावशी, पुरे झालं," विश्वजित म्हणाला.

दुभाषा विश्वजितकडे बघत राहिला.

"सांग की रं पावण्या! पगार काय निम्म्या बोलण्याचा घेतोस?"

त्याने खाली मान घालून सांगितलं. पाहुणीने हातातल्या खड्याकडे बघितलं, मग वर. सुकलेली झेंडूची माळ लोंबत होती, आणि नळकांडं गप्प होतं. तिने काहीतरी विचारलं. दुभाष्याला बोलावं लागलं नाही, विश्वजितनेच घाईने उत्तर दिलं. लाइट गेली आहे, असं.

सगळ्यांनी वर बघितलं. धुक्यात दिवा जळत होता. नॉकआउटच्या बाजूने कोणीतरी फस्सकन हसलं.

त्या संध्याकाळी गाडी धुरळा उडवत गेल्यावर हंबीरराव स्वतः शेडमध्ये आले. म्हातारे झाले होते, पण आवाज तोच.

"बारा वर्सं माझा गूळ खाल्लास झुंबरे, आन् हे पांग फेडलंस?"

"तुमचा गूळ खाल्ला मालक," झुंबरबाई म्हणाली, "म्हणूनच तर बारा वर्सं भिंत मागायचं सुचलं न्हाय."

दुसऱ्या दिवशी वॉचमनने तिला गेटवर अडवलं. तिचं काम संपलं होतं. शिस्त मोडली म्हणून. बनाबाई तिच्या बाजूने बोलली नाही, कोणीच बोललं नाही. निशीला मात्र आत घेतलं, आणि महिन्याभराने कायमही केलं. कुटुंबाच्या बोर्डाखाली तिचा फोटो काढला. ऑर्डर हातची गेली नाही. जर्मनीच्या लोकांनी फक्त एवढं लिहून घेतलं की मशीन रोज चालेल आणि न कळवता कोणीही बघायला येईल. बाईला परत कामावर घ्या, असं मात्र त्यांनी कुठे लिहिलं नाही. मशीन चालू झालं. पारव्यांनी दुसरीकडे घर केलं.

झुंबरबाईने गेटसमोर, रस्त्याच्या पलीकडे चहाचा गाडा टाकला. आपल्या नोकरीशी आई खेळली या रागाने निशी तिच्याशी बोलत नसे. येता-जाता मान वळवून जायची. पिराजीला झुंबरबाई सकाळी आणून स्टुलावर बसवायची. रस्त्यावर ट्रकचा गोंगाट असायचा, तरी त्यातून मशीनचं घुमणं तिला बरोबर ऐकू यायचं. कधी ते थांबलं की ती पळी हातात घेऊन गेटवर जायची आणि हंबीररावांच्या सगळ्या पिढ्या काढायची. मशीन चालू होईपर्यंत. पिराजीला गंमत वाटायची. ती गिऱ्हाइकात गुंतली की तो हळूच म्हणायचा, "बंद पडलं वाटतं गं," आणि ती धावली की खोकत हसत बसायचा.

दोन हजार पाचच्या पावसाळ्यात तो गेला. विश्वजित हार घेऊन आला. "आमच्या कुटुंबातला माणूस गेला," असं म्हणाला. झुंबरबाईने हार घेतला आणि त्याच्याच गाडीच्या बोनेटवर नेऊन ठेवला.

पिराजीचं दिवसकार्य उरकून ती गाड्यावर परत आली त्या दुपारी आधण चढलं होतं, आणि घुमणं थांबलं. तिने स्टुलाकडे बघितलं. ते रिकामं होतं. तिने पळी उचलली आणि रस्ता ओलांडला.

"अक्का, खरंच फ्यूज गेलाय गं," नागाप्पा गेटच्या आतून हात जोडत होता. "देवाशपथ. वायरमन बोलवलाय."

"तुझा फ्यूज..." तिने तोंड उघडलं आणि थांबली.

शेडच्या दारातून बायका बाहेर येत होत्या. कोणी त्यांना बोलावलं नव्हतं, भोंगा झाला नव्हता. बनाबाई पदराने तोंड पुसत होती. सगळ्यांच्या पुढे निशी होती. ती आवारात, रोपांपाशी येऊन उभी राहिली, हाताची घडी घालून.

"काय हे? आत चला!" नागाप्पा ओरडला. "साचे कोअरवाचून अडून राहिल्यात!"

"मशीन लागलं की येतो," निशी म्हणाली.

मग तिने गेटबाहेर बघितलं. आईकडे, तिच्या हातातल्या पळीकडे.

"तू कशाला आलीस? जा तिकडं," ती खेकसली. "आधण उतू चाललंय तुझं."